मी वर सरकणार नाही

मी बेसिन बोलतोय. हात धुण्याचं. तुम्ही उभे असाल तर मी तुम्हाला दिसणार नाही. मान खाली घाला. अजून थोडी. हां, तिथेच, तुमच्या गुडघ्याच्या जरासा वर.

नवखी माणसं मला बघून हसतात. कोणी म्हणतं, गवंडी चुकला असणार. कोणी म्हणतं, भिंत खचली असणार. एक साहेब तर मला पाय धुण्याची जागा समजले आणि बूट काढायला लागले. माझं काही चुकलेलं नाही आणि भिंतही धडधाकट आहे. ही सरकारी बालवाडी आहे, मी पोरांसाठी आहे आणि पोरांच्या उंचीवर आहे. यात समजायला अवघड काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

माझा जन्म भट्टीतला. पांढऱ्या मातीचा, वर चकचकीत मुलामा. माझ्याबरोबर भाजून निघालेली भावंडं हॉटेलांत गेली, दवाखान्यांत गेली, एक तर म्हणे विमानतळावर लागलं. माझ्या कडेचा भट्टीतच एक टवका उडाला होता, म्हणून मला बाजूला काढून स्वस्तात विकलं. स्वस्तात निघालेला माल कुठे जातो ते मला तेव्हा माहीत नव्हतं. तो अशा ठिकाणी येतो, जिथे येणाऱ्या पोरांच्या आईबापांना कोणी पसंती विचारतच नाही. टवका आहे? असू दे. त्यांना काय कळतंय?

पण इथे थोरल्या बाई होत्या. बालवाडी सुरू झाली तेव्हाच्या पहिल्या बाई. बाई अंगाने किरकोळ, आवाज मात्र असा की बाहेरच्या रस्त्यावरचा हातगाडीवालाही दचकून सरळ उभा राहायचा. गवंडी मला कमरेएवढ्या उंचीवर धरून बसवायला निघाला, तेव्हा त्या आडव्या आल्या.

"हे कोणाला हात धुवायला?"

"पोरांना. पण नकाशात उंची ही अशी दिलीय, बाई."

"नकाशाला हात आहेत का धुवायला?"

बाईंनी जवळ खेळत होतं ते पहिलं पोर दंडाला धरून भिंतीला लावलं, त्याच्या कोपराशी खडूने रेघ मारली आणि म्हणाल्या, "इथे." ठेकेदार धावत आला. नकाशाबाहेर काम झालं तर बिल अडकेल म्हणाला. "अडकू दे," बाई म्हणाल्या. वर गवंड्याला दुप्पट सिमेंट घालायला लावलं, उद्या कोणाचं डोकं फिरलं तरी मला हलवता येऊ नये म्हणून. माझा जन्म भट्टीतला खरा, पण माझा स्वभाव त्या दिवशीचा आहे.

बाईंनी आणखी एक नियम घालून दिला. आत येणारा प्रत्येक जण आधी हात धुणार. पोर असो, पालक असो, साहेब असो. आता माझी उंची बघता याचा अर्थ काय होतो ते तुमच्या लक्षात आलं असेल. मोठमोठी माणसं माझ्यापुढे गुडघे टेकायची. मला त्याची मजा वाटायची, खोटं कशाला बोलू?

चेहरे मला फारसे दिसत नाहीत. मी माणसं हातांवरून ओळखतो. इथल्या पालकांच्या हातांना कामाचा वास असतो. हमालाच्या तळव्याला दोरीचे वळ, रंगाऱ्याच्या नखांत कालची भिंत, भांडी घासणाऱ्या आईच्या बोटांना चिरा. आणि पोरांचे हात? पोरांचे हात सगळ्या जगात असतात तसेच, चिकट. ते मऊ आहेत तोवर त्यांना कोणीतरी पेन्सिल, रंग आणि गोष्टीचं पुस्तक द्यावं, एवढंच या जागेचं काम आहे. एवढंसंच काम आहे, पण दरवर्षी त्याच्यावरच गदा येते.

थोरल्या बाई गेल्या. आधी इथे दोन शिक्षिका होत्या, एक स्वयंपाकाची बाई होती आणि एक मावशी. स्वयंपाकाची बाई गेली आणि जेवण डब्यात गार होऊन बाहेरून यायला लागलं. दुसरी शिक्षिका निवृत्त झाली, तिची जागा भरलीच नाही. राहिल्या ताई आणि मावशी. ताई शिकवायच्या, मावशी बाकी सगळं करायची. शेंबूड पुसण्यापासून फ्यूज बदलण्यापर्यंत. नळाशी पोरांची रांग लावणं हे तिचं खास काम. बाह्या कोपरापर्यंत सारून ती माझ्या शेजारी उकिडवी बसायची आणि एकेका पोराचे हात असे चोळायची की पोर खिदळून लोळायचं.

मग टाकीचा पंप बिघडला. ताईंनी दुरुस्तीसाठी लिहिलं. उत्तर आलं, मुलं कमी आहेत, एवढ्या कमी मुलांसाठी खर्च मंजूर होत नाही. तेव्हापासून माझ्या नळाला करंगळीएवढी धार येते. स्वयंपाकघरातला नळ तर कोरडाच पडला. मुलं कमी म्हणून पैसा नाही, पैसा नाही म्हणून माणूस नाही, माणूस नाही म्हणून पालक दुसरीकडे बघणार, म्हणजे मुलं आणखी कमी. हे चक्र ज्याने कोणी शोधून काढलं त्याचे हात एकदा मला बघायचे आहेत.

पण मुलं कमी होती का? इथेच तर खरी गोम आहे.

या वस्तीतल्या निम्म्या बाया मोठ्या धुलाई कारखान्यात कामाला आहेत. दवाखान्यांच्या, हॉटेलांच्या चादरी तिथे धुतल्या जातात. काम दोन तुकड्यांत असतं. पहाटेपासून साडेनऊपर्यंत आणि मग पुन्हा अकरापासून. पहाटे निघताना या बाया आपली झोपलेली पोरं गल्लीतल्या एका म्हातारीच्या खोलीत ठेवतात. झोपलेली पोरं ती सांभाळते, जागी झालेली तिला आवरत नाहीत. तिचे गुडघे धरलेत, त्यामुळे ती पोरांना इथे आणूनही सोडू शकत नाही. आया सुटल्या की धावत येतात, पोरं उचलतात आणि दहाच्या सुमाराला इथे आणून सोडतात. दहा वाजता ही खोली भरून वाहते. साडेनऊला मात्र इथे सात-आठच पोरं असतात.

आणि हजेरीचं ॲप साडेनऊला मिटतं.

कोणी ठरवलं, का ठरवलं, माहीत नाही. साडेनऊनंतर आलेलं पोर सरकारच्या हिशेबी जन्मालाच आलेलं नसतं. पलीकडच्या बालवाडीत पोरं येवोत न येवोत, सकाळीच सगळी नावं टाकून मोकळे होतात. ताईंना ते जमलं नाही. मावशीने किती सांगितलं.

"अहो ताई, अर्ध्या तासात येणारच आहेत ना पोरं? टाका की आत्ताच."

"समोर नसलेलं पोर आलं म्हणून कसं टाकू, मावशी? उद्या एखादं वाटेत हरवलं तर कागदावर ते माझ्याजवळ असेल."

ताईंचं म्हणणं खोटं नव्हतं. पण त्या खऱ्या आकड्याने मावशीची नोकरी गेली. एवढ्या मुलांना मदतनीस लागत नाही, असं वरून आलं. शेवटच्या दिवशी मावशीने माझ्या काठावर फडकं वाळत घातलं आणि ताईंकडे न बघता म्हणाली, "तुमचं खरं तुम्हाला लखलाभ. त्यात माझी चूल विझली." दुसऱ्या आठवड्यापासून ती त्याच धुलाई कारखान्यात चादरी पिळायला लागली. दहा वाजता इतर बायांबरोबर पोरं सोडायला यायची, पण दारापर्यंतच. ताईंशी ती बोलत नव्हती आणि माझ्याकडे बघत नव्हती. मला दोघींचाही राग यायचा. सगळ्यात जास्त राग त्या ॲपचा यायचा, पण त्याला हात नाहीत.

आता भोंग्याबद्दल सांगतो. भोंगा ही एक मुलगी आहे. चार वर्षांची, आवाज घाटातल्या ट्रकचा. इथे येण्याआधी आई अकराच्या पाळीला गेली की ही घरात एकटी असायची, बाहेरून कडी लावलेली. खिडकीत उभी राहून ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हाका मारायची. सायकलवाल्याला, कुत्र्याला, पोस्टमनला. त्यातून तो आवाज तयार झाला. इथे आली तेव्हा सुरुवातीला ती शेजारी बसलेल्या पोराशीही ओरडूनच बोलायची, कारण जवळ कोणी असतं याची तिला सवयच नव्हती. हळूहळू आवाज उतरला. परवा तर माझ्यात हात घालून ती पाण्याशी कुजबुजत होती. काय म्हणाली ते मी सांगणार नाही.

तर यंदा पत्र आलं. शेवटची तपासणी होईल, पंधरापेक्षा कमी मुलं दिसली तर ही बालवाडी बंद. मुलं हमरस्त्यापलीकडच्या बालवाडीत जातील. साडेनऊला सुटून, अकराला पुन्हा कामावर पोचणारी बाई हमरस्ता ओलांडून तिकडे जाणार कधी आणि परत येणार कधी? भोंग्याच्या आईने ताईंना एवढंच विचारलं, "म्हणजे पुन्हा कडीच ना?" ताईंनी ते पत्र पुन्हा उघडून वाचलं. मला उत्तर देता आलं असतं, पण मला कोणी विचारत नाही.

तपासणीला येणाऱ्या बाईंना पोरं मोजणीबाई म्हणतात. बाई वाईट नाहीत. त्यांच्याकडे अशा पुष्कळ बालवाड्या आहेत, गाडी एकच आणि सगळीकडे साडेनऊच्या आत पोचायचं. त्या यायच्या, दारातून बोट फिरवत डोकी मोजायच्या आणि जायच्या. हात धुवा म्हटलं की म्हणायच्या, "मी काही जेवायला आलेले नाही."

त्या दिवशी त्या नऊला आल्या. पोरं जमिनीवर मोठा कागद पसरून निळ्या रंगात हात बुडवून ठसे उमटवत होती. बाईंनी बोट फिरवलं. आठ. फोन काढला. तपासणीचा आकडा त्यांच्याच फोनवरून, त्यांच्याच अंगठ्याने पाठवावा लागतो.

इथे एक मुलगा आहे, हात मागे बांधून चालतो म्हणून त्याला साहेब म्हणतात. साहेबाला वाटलं, आपला ठसा या बाईंनी जवळून बघितलाच पाहिजे. त्याने दोन्ही निळ्या हातांनी बाईंचा उजवा हात घट्ट धरला आणि ओढत नेला.

बाईंचा पंजा निळा झाला. अंगठाही निळा. फोनवर टेकवून बघितला, फोनने ओळख दाखवली नाही. रुमालाने पुसला, तर निळा रंग डाव्या हातालाही लागला. स्वयंपाकघरातला नळ त्यांनी पिळून बघितला, त्यातून नुसता सुस्कारा आला.

"पाणी कुठे आहे?"

ताईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. माझ्यापुढे आठ निळी पोरं रांगेत उभी होती आणि माझी धार करंगळीएवढी.

बाई सरळ पुढे आल्या. साहेब त्यांच्याकडे मान वर करून म्हणाला, "रांगेत या."

"अरे, मला घाई आहे."

"सगळ्यांनाच आहे," साहेब म्हणाला. हे वाक्य तो घरी रोज ऐकत असणार.

मोजणीबाईंच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. त्या रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. आणि मी काय केलं? मी काहीच केलं नाही. मला मंजूर झालं होतं तेवढंच पाणी मी सोडलं. पंपाचे पैसे नाकारणारे तेव्हा कोणत्या खुर्चीत बसले होते माहीत नाही, पण त्या दिवशी त्यांनी आपल्याच माणसाला माझ्यापुढे ताटकळत ठेवलं. निळा रंग पक्का होता. पोरं सावकाश चोळत होती. ताई एकट्या, कागद आवरू की पोरं आवरू, अशी त्यांची तारांबळ. साडेनऊ वाजून गेले. बाईंच्या खिशातला फोन एकदा वाजला आणि ॲप मिटलं.

त्यांची पाळी आली तेव्हा त्या वाकल्या. पुरलं नाही. गुडघे टेकावे लागले.

"अजून खाली," साहेब म्हणाला. "कोपर राहिलं."

बाई माझ्यात हात घालून बसल्या होत्या, कोपरापर्यंत फेस, तेवढ्यात बाहेरून भोंगा आली. म्हणजे आधी आवाज आला, मग ती. तिच्यामागे पोरंच पोरं. कडेवरची, बोट धरलेली, एका पायात चप्पल असलेली. आणि त्यांच्यामागे आया, पहाटेपासून पाण्यात राहून हात पांढरे पडलेल्या. पोरांनी रोजच्याप्रमाणे चपला काढल्या आणि मोजणीबाईंच्या पाठीमागे रांग लावली. रांग दारापर्यंत गेली, दाराबाहेर गेली.

बाईंनी गुडघ्यावर बसूनच मागे वळून बघितलं. त्या उंचीवरून त्यांना डोकी दिसेनात, चेहरे दिसले.

"ही कुठली मुलं?"

"इथलीच," ताई म्हणाल्या.

"मग नऊला कुठे होती?"

भोंग्याची आई पुढे आली. "नऊला आम्ही दवाखान्याच्या चादरी धूत होतो, बाई. साडेनऊला सुटतो. त्याआधी पोरगी काय एकटी रस्ता तुडवत येणार होय?"

मोजणीबाई ताईंकडे वळल्या. "हे मला आधी का नाही कळवलं?"

"कुठे कळवू? ॲपात आकडा टाकायला तेवढी जागा आहे," ताई म्हणाल्या. "पत्रं लिहिली, त्यांना मुलं कमी आहेत म्हणून उत्तर आलं. तुम्ही थांबला असतात तर तुम्हाला दाखवलं असतं. तुम्ही आजवर कधी थांबलाच नाहीत."

मावशी दारात होती. रांग वाकडीतिकडी झाली होती, दोन पोरं एकमेकांना ढकलत होती. ती चप्पल काढून आत आली, बाह्या सारल्या आणि किती तरी महिन्यांनी माझ्या शेजारी उकिडवी बसली. तिचे हात चादरींच्या सोड्याने सोलवटले होते. ते माझ्या पाण्यात आले तेव्हा मला रडू यायचं बाकी होतं. बेसिनला ते जमत नाही म्हणून सुटलो.

"सरका बाई थोडं," ती मोजणीबाईंना म्हणाली. "पोरांचं अकराच्या आत उरकायचंय."

"हे बघा," मोजणीबाई उठत म्हणाल्या, "चालू ठेवायचं की बंद करायचं ते माझ्या हातात नाही. मी फक्त लिहू शकते."

"मग लिहा की," मावशी म्हणाली. "हात धुऊन झालेत तुमचे."

बाईंनी लिहिलं. जसं घडलं तसं लिहिलं, हे मी मान्य करतो. मुलं दहाला येतात, का येतात, किती येतात. पाण्याला धार नाही, त्यांना स्वतःला गुडघे टेकून, रांगेत थांबून हात धुवावे लागले, हेही.

महिन्याभराने वरून आदेश आला. या बालवाडीची मोजणी तूर्त साडेदहाला करावी. बालवाडी यंदापुरती चालू राहील. मावशीला अर्ध्या पगारावर अर्धा दिवस परत घेतलं. उरलेला अर्धा दिवस ती अजून चादरीच पिळते. तिने ताईंना सांगून टाकलं, "मी विसरलेली नाही हं." ताई म्हणाल्या, "विसरू नका." मग दोघींनी मिळून सतरंजी झटकली. भोंग्याच्या दाराची कडी यंदापुरती उघडी आहे. यंदापुरती. हा शब्द मला चावतो. चार वर्षांच्या पोराला यंदापुरतं वाढता येतं का?

आणि निधी? आला ना, निधीही आला. पंपासाठी नाही आला. वरच्या साहेबांनी मोजणीबाईंच्या त्या सगळ्या लिखाणातलं एकच वाक्य नीट वाचलं, अधिकाऱ्याला गुडघे टेकावे लागल्याचं. ताबडतोब मंजुरी दिली. बेसिन नकाशाप्रमाणे योग्य उंचीवर घ्यावं. सोबत नव्या फरश्या.

काल प्लंबर येऊन गेला. त्याने भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर पेन्सिलने फुली मारली. भोंगा तिच्यासमोर जाऊन उभी राहिली, टाचा उंच करून हात पुढे ताणले. फुली तिच्या नाकाशी आली, म्हणजे मी तिथे गेलो तर नळ तिच्या बोटांना लागणारच नाही. प्लंबरने मला खालून ठोकून बघितलं आणि ताईंना म्हणाला, "मला सांगितलंय ते मी करणार. पण सिमेंट दाबून भरलंय, ताई. हे सुटं होणार नाही. काढायला गेलो तर फुटेल."

"मग फोडल्याशिवाय निघणार नाही असं लिहून द्या वर," ताई म्हणाल्या. ताई आता फार बदलल्यात. "आणि हेही लिहा, की मी फोडू देणार नाही."

तर अशी माझी सध्याची अवस्था. कडेला टवका, नळाला करंगळीएवढी धार, डोक्यावर पेन्सिलची फुली. मला दया नको. मी माझ्या आयुष्यात बहुतेकांपेक्षा जास्त हात स्वच्छ केलेत आणि ते हात पुढे कुठे कुठे गेले असतील याचा मला अभिमान आहे. मला वर उचलायचं ठरवणाऱ्या साहेबांनो, तुम्हाला एवढंच सांगायचंय. मी उंचीला कमी नाही. तुम्ही उभे आहात आणि पोरं खाली आहेत, एवढाच हा मामला आहे. पंप द्या, मावशीचा उरलेला अर्धा दिवस द्या, ते यंदापुरतं खोडा. मग फरश्या कोणत्या रंगाच्या ते सावकाश बोलू.

आणि मला फोडायलाच येणार असाल तर जरूर या. दार उघडं असतं. दहानंतर या, म्हणजे सगळी पोरं असतील. फक्त या घरचा नियम आहे, आत येणाऱ्याने आधी हात धुवायचे.

रांगेत या.